रिकामी टाकी

माझ्या मामाच्या वेल्डिंगच्या दुकानात, दाराच्या डाव्या भिंतीवर, ऑइलपेंटनं दोन ओळी लिहिलेल्या होत्या: ‘रिकामी टाकी आणू नये. भरून आणावी.’

कऱ्हाडच्या बाहेर, हायवेला लागून दुकान. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या बैलगाड्यांचे साटे, शेतातले नांगर, सगळं तिथं यायचं. नवीन गिऱ्हाईक ती पाटी वाचून हसायचं. टाकीला वेल्डिंग मारायचं तर ती रिकामी करूनच आणणार ना? मामा हसायचा नाही. कोपऱ्यातल्या हौदाकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, “पाण्यानं भरायची. मग बोलू.”

मामाला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. लहानपणी आम्हाला वाटायचं, वेल्डिंगच्या आवाजानं झालं असेल. वेल्डिंगला एवढा आवाज नसतो, हे मला फार नंतर सुचलं.

मामा जाऊन तीन वर्षं झाली. दुकान आता मामेभाऊ चालवतो. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. आवाजात आनंद होता. एका नव्या कॅफेची ऑर्डर मिळाली होती: जुनी दोनशे लिटरची बॅरल आडवी कापून त्यांच्या वीस खुर्च्या आणि चार टेबलं करायची. फोनवर व्हिडिओ बघून त्यानं सगळं शिकून घेतलं होतं. बॅरलं भंगारवाल्याकडून आली होती. मी विचारलं, “त्यात आधी काय होतं?”

“काय की, ताई. ऑइल असंल, थिनर असंल. पण आता रिकामीच हायत.”

मी पुण्यात एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ‘रिकामीच’ हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. हा लेख त्या शब्दाबद्दल आहे.

•••

या शब्दाच्या मागे लागलेला एक माणूस इतिहासात आहे. तो वेल्डर नव्हता, विमा कंपनीतला इंजिनिअर होता.

बेंजामिन ली व्होर्फ, जन्म १८९७. अमेरिकेत केमिकल इंजिनिअरिंग शिकला आणि १९१९ साली हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनीत लागला. काम असं, की कारखान्यांत जायचं, आगी का लागतात ते शोधायचं. उरलेल्या वेळात तो मूळ अमेरिकी लोकांच्या भाषांचा अभ्यास करायचा. आज भाषाशास्त्राच्या प्रत्येक वर्गात त्याचं नाव निघतं, ते ‘आपली भाषा आपल्या विचारांना वळण लावते’ या कल्पनेमुळे. त्याचा सगळ्यात गाजलेला निबंध १९४१ साली छापून आला, त्याच वर्षी तो वारला. त्या निबंधाची सुरुवात होपी भाषेनं होत नाही. ती होते पेट्रोलच्या रिकाम्या पिंपांनी.

व्होर्फचं निरीक्षण साधं होतं. जिथं पेट्रोलची भरलेली पिंपं ठेवलेली असतात तिथं माणसं जपून वागतात. विडी-सिगारेट बाहेर ठेवतात. जिथं ‘रिकामी’ पिंपं ठेवलेली असतात तिथं तीच माणसं सैल होतात, सिगारेट पेटवतात, थोटूक कुठंही टाकतात. खरं तर रिकामं पिंप जास्त धोक्याचं, कारण आत वाफ असते. पण ‘रिकामं’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. एक, पिंपातला द्रव संपला. दुसरा, आता इथं काहीच उरलं नाही, म्हणजे भीतीचं कारणही उरलं नाही. पहिला अर्थ खरा असतो आणि माणूस वागतो दुसऱ्या अर्थाप्रमाणे.

पुढच्या भाषाशास्त्रज्ञांनी यावर आक्षेपही घेतले. माणसं फसतात ती शब्दामुळे की वाफ डोळ्यांना दिसत नाही म्हणून? आक्षेप रास्त आहे. पण मराठीत बघा. रिकामा माणूस म्हणजे बिनकामाचा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. रिकामं म्हणजे निरुपयोगी, निरुपद्रवी, ज्याच्याकडे लक्ष द्यायची गरज नाही असं. आपल्या भाषेतही रिकाम्या वस्तूला कुणी घाबरत नाही.

•••

मग आत काय असतं? थोडं रसायनशास्त्र करते, परीक्षेला विचारणार नाही.

पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. साधारण १.४ टक्क्यांपेक्षा कमी वाफ असेल तर मिश्रण विरळ, पेटत नाही. ७.६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर हवा अपुरी, तेव्हाही पेटत नाही. मधला पट्टा धोक्याचा. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. अर्धवट भरलेल्या पेट्रोलच्या टाकीत वाफ बहुतेक वेळा इतकी दाट असते, की मिश्रण त्या पट्ट्याच्या वर राहतं. टाकी ओतून टाकली, झाकण उघडं ठेवलं, हवा आत गेली, की मिश्रण आपसूक त्या पट्ट्यात उतरतं.

यासाठी किती पेट्रोल लागतं? मी हे गणित वर्गात फळ्यावर करून बघितलं. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये १.४ टक्के म्हणजे २.८ लिटर वाफ. तेवढी वाफ व्हायला द्रव पेट्रोल लागतं साधारण १० ते १५ मिलिलिटर. चहाचे दोन-तीन चमचे. बॅरल उलटं करून निथळत ठेवलं तरी कडेच्या दुमडीत, तळाच्या शिवणीत, गंजाच्या खपल्यांमागं एवढं सहज राहतं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, तळाशी बसून राहते.

“डिझेलला काय होतंय?” हे वाक्य मी मामाच्या दुकानात कितीदा ऐकलंय. थंड डिझेलवर काडी टाकली तर ती विझेल, हे बरोबर. पण गॅसकटरची ज्योत पत्र्याला लाल करते. आतल्या बाजूला चिकटलेला डिझेलचा, ऑइलचा थर तापतो, उकळतो, त्याची वाफ होते. म्हणजे ज्योतच आधी स्फोटक मिश्रण तयार करते आणि मग तीच त्याला पेटवते. सुरुवातीला हुंगून बघितलं तर वासही येत नाही.

•••

ही गोष्ट माणसाला कळायला फार जीव द्यावे लागले. सुरुवात टाक्यांपासून नाही, खाणींपासून झाली.

इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत मिथेन साचायचा. आत उजेडासाठी मेणबत्त्या. फेलिंग नावाच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट झाला, ९२ माणसं आणि पोरं मेली. त्या काळात काही खाणींत वायू ‘साफ’ करायची एक पद्धत होती. एक माणूस ओले कपडे अंगावर घेऊन, जमिनीवर सरपटत पुढं जायचा. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला पेटती मेणबत्ती. छताशी साचलेला वायू तो मुद्दाम पेटवायचा आणि स्वतः जमिनीला चिकटून पडायचा. डोक्यावरून घेतलेल्या त्या ओल्या झग्यामुळे तो एखाद्या साधूसारखा दिसायचा, म्हणून फ्रेंच खाणकामगार त्याला ‘प्रायश्चित्त घेणारा’ म्हणायचे. पाप कुणाचं आणि प्रायश्चित्त कुणाला!

१८१५ साली हम्फ्री डेव्हीनं सुरक्षा-दिवा काढला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. जाळी उष्णता शोषून घेते, ज्योत बाहेर पडू शकत नाही. दिवा चांगला होता. पण त्याच्या भरवशावर माणसांना आणखी खोल, आणखी वायूच्या थरांत पाठवलं गेलं, आणि स्फोट काही थांबले नाहीत.

याच डेव्हीच्या भाऊबंदांपैकी एक, एडमंड डेव्ही. त्याला १८३६ साली एक नवा वायू सापडला, जो लख्ख उजेड देत जळायचा. तो ॲसिटिलीन. एका डेव्हीनं ज्योतीला पिंजऱ्यात घातलं, दुसऱ्यानं पुढच्या शतकातल्या सगळ्यात तिखट ज्योतीचं इंधन शोधलं.

पण ते स्वस्तात करता येत नव्हतं. १८९२ साली अमेरिकेत टॉमस विल्सन विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम करायला गेला आणि हाती लागलं कॅल्शियम कार्बाइड. हेच ते आंबे पिकवायचं, बंदी असलेलं कार्बाइड. पाण्यात टाकलं की ॲसिटिलीन फसफसून वर येतं. १८९५ साली आंरी ल शातेलिएनं दाखवलं, की ॲसिटिलीन शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळलं तर ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत फूशे आणि पिकार या दोन फ्रेंच माणसांनी त्या ज्योतीसाठी हातात धरता येईल असा टॉर्च बनवला. मामाच्या भिंतीला टांगलेला टॉर्च त्याचाच वंशज.

ल शातेलिए हे नाव अकरावी-बारावीत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, समतोलाच्या तत्त्वासाठी. मी ते पंधरा वर्षं शिकवतेय. पण हाच माणूस आधी खाणीतल्या स्फोटांचा अभ्यास करत होता, आणि कोणतं वायुमिश्रण कुठल्या प्रमाणात पेटेल हे सांगणारं सूत्र त्यानं १८९१ साली मांडलं होतं. म्हणजे कापणारी ज्योत आणि ती कुठं नेऊ नये याचं गणित, दोन्ही एकाच टेबलावरून चार वर्षांच्या अंतरानं निघालं. ज्योत गावोगाव पोचली. गणित पुस्तकात राहिलं.

•••

१२ ऑक्टोबर १९७८. सिंगापूरचं जुराँग शिपयार्ड. ‘स्पायरॉस’ नावाचं ग्रीक तेलवाहू जहाज दुरुस्तीला आलं होतं. जेवणाची सुट्टी संपवून कामगार जहाजात परतले आणि दोनच्या सुमारास आत स्फोट झाला. ७६ माणसं मेली. शांततेच्या काळात सिंगापूरनं पाहिलेला तो सगळ्यात मोठा औद्योगिक अपघात. चौकशीत निघालं, की जहाजाच्या स्वतःच्या इंधनटाकीत कच्चं तेल मिसळलं गेलं होतं. जड इंधनाची टाकी म्हणजे सहजी पेटणारी नाही, असं सगळे धरून चालले होते. कच्च्या तेलानं आत हलकी वाफ आणली होती. ती पेटली गॅसकटरच्या ज्योतीनं किंवा ठिणगीनं.

नऊच वर्षं आधी, डिसेंबर १९६९ मध्ये, एका महिन्यात तीन अवाढव्य तेलवाहू जहाजांत स्फोट झाले होते: ‘मार्पेसा’, ‘मॅक्ट्रा’ आणि ‘काँग होकून सातवा’. तिथं वेल्डिंग चालू नव्हतं. तिन्ही जहाजं माल उतरवून परत निघाली होती, म्हणजे रिकामी होती, आणि टाक्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं धुतल्या जात होत्या. तपासात संशय आला तो फवाऱ्यातल्या तुषारांमुळे तयार होणाऱ्या स्थिर विजेवर. स्वच्छ करण्याच्या कामातच ठिणगी पडत होती.

यातून जगानं जो उपाय पक्का केला तो ऐकायला विचित्र वाटतो: रिकामी टाकी रिकामी ठेवूच नका. जहाजाच्या बॉयलरचा धूर धुवून, गार करून टाकीत भरा. त्यात ऑक्सिजन नावालाच असतो. टाकीतला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम झाला. वाफ असू दे, ठिणगी असू दे, हवाच नसेल तर पेटणार काय?

कऱ्हाडच्या हायवेवर मामा पाण्यानं तेच करत होता. आत हवेला जागा ठेवायची नाही.

•••

आपल्याकडे जहाजं तोडायचा धंदा जुना. मुंबईत त्याची जागा दारूखाना. नावाचा अर्थ दारूगोळ्याचं कोठार. नंतर, १९८३ पासून, गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर जगातली मोठमोठी जहाजं मरायला येऊ लागली. तिथं एकेक जहाज गॅसकटरनं कापत कापत संपवतात. कापणारे ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले. १४ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जहाजतोडणीबद्दल सविस्तर आदेश दिला. जहाज घातक पदार्थांपासून आधीच स्वच्छ केलेलं असावं आणि ज्योत लावण्याआधी टाक्या वायुमुक्त असल्याचा दाखला असावा, हा त्याचा गाभा. जहाजतोडणीचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार २००९ चा. तो अमलात यायला २६ जून २०२५ उजाडलं. मधल्या काळात, १ नोव्हेंबर २०१६ रोजी, पाकिस्तानात गडानीच्या किनाऱ्यावर तोडायला आणलेल्या तेलवाहू जहाजात स्फोट झाला. किमान २६ कामगार मेले. टाक्यांत तेल उरलेलं होतं.

आणि ज्या सरकारी खात्याकडे देशातल्या पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम आहे, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पेट्रोलियम कायदा १९३४ चा. तेलाच्या टँकरला ज्योत लावण्याआधी तो वायुमुक्त असल्याचं लेखी प्रमाणपत्र तज्ज्ञाकडून घ्यावं लागतं. पण हायवेवरच्या दुकानात भंगारवाला बॅरल टाकून जातो तेव्हा त्याच्यासोबत कुठलाच कागद येत नाही.

कागदावर सगळं असलेल्या देशांतही हे घडतं. ५ जून २००६, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात एका तेलविहिरीच्या जागेवर टाक्यांना जोडणारा पाइप वेल्ड करायचा होता. आत वाफ आहे का ते बघायला वेल्डरनं काय करावं? पेटता टॉर्च टाकीच्या तोंडातून आत घालून बघितला. काही झालं नाही, म्हणून काम सुरू केलं. पण शेजारच्या टाकीत तेल होतं आणि ती उघड्या पाइपनं या ओळीला जोडलेली होती. तीन माणसं गेली. काठीला मेणबत्ती बांधून सरपटणारा तो खाणकामगार दोनशे वर्षांनी तसाच पुढं आला होता.

•••

मामाच्या कानाची गोष्ट मला मामीनं सांगितली, तीही मामा गेल्यावर.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. दुकानात एक पोरगा हाताखाली होता, सोळा-सतराचा, शेजारच्या गावचा. एका शेतकऱ्यानं बॅरल आणलं, वरचं तोंड कापून गुरांना पाणी प्यायला करून द्या म्हणाला. डिझेलचं होतं, महिनाभर उन्हात पडलेलं, पाण्यानं दोनदा विसळलेलं. मामा चहा प्यायला पलीकडे गेला आणि पोरगं म्हणालं, तोवर मी करतो. बॅरलचा तळ फाटून पोराच्या छातीवर बसला. मामा पंधरा फुटांवर होता, त्याचा कान गेला.

मामी म्हणाली, मामा त्या पोराच्या आईला दर दिवाळीला साडी द्यायचा. पोराचं नाव त्यानं घरात पुन्हा कधी घेतलं नाही. पाटी त्यानंतर रंगवली.

मी मामेभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला हे माहीत नव्हतं. तो गप्प झाला, मग म्हणाला, “मी सर्फ टाकून धुतो की.” मी म्हटलं, साबणपाण्यानं दुमडीतलं जात नाही. “मग ट्रॅक्टरचा धूर सोडतो आत, सगळे सोडत्यात.” मी म्हटलं, डिझेल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन भरपूर उरलेला असतो, जहाजावरचा धूर वेगळा. “मग काय करायचं सांग.”

मला जे माहीत होतं ते सांगितलं. आत काय होतं हे माहीत नसलेलं भांडं कापायचंच नाही. माहीत असलं तर आधी निथळणं, गरम वाफेनं धुणं, गाळ खरवडून काढणं. मग मीटरनं आतली वाफ मोजणं, वर, मध्ये आणि तळाशी, आणि काम चालू असतानाही पुन्हा मोजणं, कारण पत्रा तापला की नवी वाफ निघते. नाकावर भरवसा नाही. सगळी झाकणं उघडी. टाकीला डाग द्यायचा असेल तर डागाच्या जरा खालपर्यंत पाणी आणि उरलेल्या जागेत नायट्रोजन. आणि ज्याला हे सगळं जमणार नाही त्यानं काम परत पाठवायचं. यात कमीपणा नाही. परत पाठवणं हाही त्या कामाचाच भाग आहे.

“म्हणजे ऑर्डर सोडू?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस खुर्च्यांचे पैसे त्याचे होते, माझा पगार पहिल्या तारखेला होतो.

आठवड्यानं त्याचा मेसेज आला. कॅफेवाल्याशी बोलून त्यानं कोऱ्या पत्र्याचे गोल वळवून घेतले होते, वर बॅरलसारख्या कडा काढून, जुना दिसेल असा रंग मारून. खर्च वाढला म्हणून खुर्च्या वीसच्या बारा झाल्या. भंगारवाल्याची बॅरलं त्यानं परत पाठवली. ती पुढं कुठल्या दुकानात गेली, हे त्याला माहीत नाही, मलाही नाही.

सोबत एक फोटो होता. दुकानाच्या डाव्या भिंतीवर गेली तीन वर्षं मोबाइल कंपनीच्या जाहिरातीचा फ्लेक्स होता. तो काढलेला. खालची अक्षरं उन्हापावसानं फिकट झालेली, ‘भरून’ मधला ‘भ’ जवळजवळ गेलेला.

खाली त्यानं लिहिलं होतं: “ताई, रंगवतो परत. पण लोकांना समजंल असं काय लिहू?”

मी अजून त्याला काही कळवलेलं नाही. तुम्हाला चार शब्दांत सुचलं तर सांगा.